बदलीचं पत्र आलंय आणि मन तयार होत नाही, हा माझा अविश्वास आहे का?

पास्टर, प्रभूमध्ये सलाम. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, आज सकाळी परत वाचला आणि मगच लिहायला बसलोय.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही एका तालुक्याच्या गावी 11 वर्षं पाळक आहात, आलात तेव्हा रविवारी 30-35 माणसं असायची, आता दीडशेच्या वर असतात, संध्याकाळचा मुलांचा अभ्यासवर्ग तुम्ही आणि मिसेसनी मिळून सुरू केला, हॉलचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलंय आणि आता डायोसिसचं, म्हणजे बिशपच्या ऑफिसचं, पत्र आलं की जूनपासून दुसऱ्या जिल्ह्यात हजर व्हा. मुलगी दहावीत जाणार. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की दर रविवारी लोकांना सांगतो देवावर भाव ठेवा आणि स्वतःवर वेळ आली तर रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेलो असतो, हा अविश्वासच ना?

मी 33 वर्षं पाळकीय सेवा केली, सहा मंडळ्या, चार नगर जिल्ह्यात आणि दोन मराठवाड्यात, आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. म्हणजे पाच वेळा घर बांधून टेम्पोत टाकलंय. पाचही वेळा झोप उडाली होती. त्यामुळे पहिलं उत्तर सरळ देतो, नाही, झोप न येणं म्हणजे अविश्वास नाही. आपण अब्राहामावर संदेश देतो तेव्हा उत्पत्ती 12 ची पहिली चार-पाच वचनं वाचतो, 75 वर्षांचा माणूस कुठे जायचं ते माहीत नसताना निघाला, आणि तिथेच थांबतो. पण तोच अध्याय पुढे वाचा. दुष्काळ पडला, तो मिसर देशात (इजिप्तमध्ये) गेला आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं. निघालेला तोच आणि घाबरलेलाही तोच, एकाच अध्यायात. देवाने त्याला त्यावरून टाकून दिलं नाही.

आता मला तुमच्या प्रश्नात जे दिसलं ते सांगतो, रागवू नका. तुम्ही एवढं मोठं लिहिलंय, त्यात नवीन गावाबद्दल एकच ओळ आहे. स्वतःच्या पगाराबद्दल, घराबद्दल काहीच नाही. सगळी काळजी मागची आहे, हॉल कोण पुरा करणार, वर्गातल्या मुलांचं काय, नवीन पाळक तरुणांना समजून घेईल का, अमुक दोन कुटुंबं आत्ताच कुठे एकत्र आलीत ती परत फुटतील का. म्हणजे देव तुम्हाला सांभाळेल यावर तुमचा भरवसा आहेच. अडलंय ते दुसरीकडे. तुमच्याशिवाय तो तुमच्या मंडळीला सांभाळेल का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. हे दोन भरवसे वेगवेगळे आहेत आणि माझ्या अनुभवाने दुसरा फार जड जातो, कारण त्यात प्रेम असतं आणि प्रेमाच्या आड लपून आपण काय धरून ठेवलंय ते आपल्यालाच दिसत नाही.

मला ते कसं दिसलं ते सांगतो. माझी दुसरी बदली. त्या गावी मी आठ वर्षं होतो, जीव लागला होता. निघताना मी सगळं रीतसर दिलं, बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, दानार्पणाचा हिशेब, चर्चच्या किल्ल्या, प्रभुभोजनाची भांडी मोजून. सेक्रेटरींनी सही घेतली. पण माझी एक वही होती, शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची, तिच्यात मी घरभेटी लिहायचो. कोणाच्या घरी काय दुखणं आहे, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाचा मुलगा दारू पितो, कोण कर्जात आहे. ती मी दिली नाही. मनात म्हणालो ही खाजगी आहे, लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलंय. थोडं खरंही होतं ते. पण आतलं खरं असं की ती वही दिली असती तर मी त्या गावाचा पाळक उरलोच नसतो, आणि ते मला नको होतं.

मग नवीन गावी गेलो तरी फोन सुरूच. लोक विचारायचे, पास्टर असं करू का, तसं करू का, नवीन पाळक असं म्हणतात, आणि मी उत्तरं देत बसायचो, मला वाटायचं बघा किती काळजी घेतोय मी. साधारण चार महिन्यांनी एका लग्नाला तिकडे गेलो. त्या गावात एक आजी होत्या, दोन्ही डोळ्यांनी दिसायचं नाही, चर्चला येणं जमायचं नाही म्हणून मी महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जायचो. त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्या अजून दर पहिल्या रविवारी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन दाराशी बसतात. चार वाजेपर्यंत बसतात. मग आत जातात, काही बोलत नाहीत. नवीन पाळकाला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांचं काय चुकलं? सांगायचं काम माझं होतं, आणि ते लिहिलेली वही माझ्या पेटीत होती. आजींच्या मुलाकडे फोन नव्हता म्हणून त्यांचा फोन कधी मला आला नाही. ज्यांचे यायचे त्यांना सल्ले देऊन मी समजत होतो की मंडळी मी सांभाळतोय.

मी त्याच दिवशी नवीन पाळकांकडे गेलो आणि माफी मागितली. पुढच्या आठवड्यात वहीतलं जे द्यायला हरकत नव्हती ते दुसऱ्या वहीत उतरवून पाठवलं. ज्यांनी गुपित म्हणून सांगितलं होतं त्यांना फोन करून विचारलं, नवीन पाळकांना सांगू का, बहुतेक जण हो म्हणाले. सेवेत इतकी वर्षं झाली पण भरवसा म्हणजे काय हे मी त्या आजींच्या दारात शिकलो.

आता गावोगाव मंडळ्या उभ्या करत फिरणाऱ्या प्रेषित पौलाकडे बघा. प्रेषितांची कृत्ये 20. इफिसला तो तीन वर्षं राहिला, त्याच्या सगळ्या प्रवासात एवढा मुक्काम फार कमी ठिकाणी झालाय. मिलेत गावी तो इफिसच्या वडीलवर्गाला, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, बोलावून निरोप घेतो. तो काय म्हणतो ते नीट वाचा. सगळं छान होईल असं तो म्हणत नाही. तो म्हणतो मला माहीत आहे, मी गेल्यावर लांडगे येतील, कळपाची गय करणार नाहीत, तुमच्यातलेच काही उठतील. त्याला माहीत आहे, तरी तो थांबत नाही. मी तुम्हाला देवाच्या आणि त्याच्या कृपेच्या वचनाच्या हाती सोपवतो, असं म्हणून गुडघे टेकतो, सगळे गळ्यात पडून रडतात आणि तो जहाजात बसतो. धोका दिसत असून सोपवणं, हे मी तुम्हाला म्हणतोय. धोका नसेल तर सोपवण्यात विश्वास कसला आला.

आणि पुढे काय झालं तेही पवित्र शास्त्रात आहे, हे आपण फार कमी वेळा जोडून वाचतो. प्रकटीकरण 2 मध्ये इफिसच्या मंडळीला पत्र आहे. त्यात प्रभू म्हणतो की खोट्या प्रेषितांची तुम्ही पारख केली. म्हणजे लांडग्यांच्या बाबतीत मंडळी टिकली, पौल नसताना टिकली. पण पहिली प्रीती सोडली असंही त्याच पत्रात आहे. म्हणजे ज्याची पौलाला भीती होती ते त्यांनी सांभाळलं आणि जे त्या भाषणात त्याच्या तोंडीही नाही तिथे घसरले. मला यातून एवढंच कळतं की मंडळीचं पुढचं मला दिसत नाही, माझी काळजी बरेचदा चुकीच्या जागी असते, आणि ते पत्र लिहवून घेणारा प्रभू मात्र प्रत्येक मंडळीला नावाने ओळखतो.

अजून एक. हेच इफिस तेव्हाच्या रोमी आशिया प्रांतात येतं, आणि कृत्ये 16 मध्ये पौलाला पवित्र आत्म्याने आशियात वचन सांगायला मनाई केली होती. मग बिथुनियाकडे निघाला तर तेही बंद. त्रोवसपर्यंत आला तेव्हा रात्री दृष्टांत झाला आणि तो मासेदोनियाला गेला. ज्या गावच्या मंडळीचा निरोप घेताना पुढे सगळे रडले ते गाव आधी त्याला बंद होतं. तुमच्या नवीन जिल्ह्याचं आज तुम्हाला काहीच वाटत नाही ना, ठीक आहे, आज वाटायलाच पाहिजे असं नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की हे पत्र ऑफिसने काढलंय, देवाने बोलावलं असं काही मला जाणवलेलं नाही. इथे मी दोन्ही बाजू मांडतो, कारण हे परिस्थितीवर आहे. देव बदल घडवतो तेव्हा दरवेळी मनात आवाज येत नाही, कधी नुसता सरकारी हुकूम येतो. पंडिता रमाबाईंचं बघा. 1889 ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. अमेरिकेतून दहा वर्षांचीच मदत ठरलेली होती, म्हणून स्वतःच्या पायावर उभं राहावं या हिशेबाने त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. मग 1896 चा दुष्काळ आला, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, सगळ्या जातींच्या, घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग, गर्दी करायला बंदी, एवढ्या मुली ठेवता येईनात. म्हणून त्यांना केडगावच्या त्या मोकळ्या शेतात नेलं, तात्पुरत्या झोपड्यांत. मुक्ती मिशन असं उभं राहिलं. घेतलं फळबागेसाठी, वसली माणसं. यात प्लेगचा नियम काढणाऱ्या साहेबाला देवाचं काही पडलं असेल असं नाही, तरी काम देवाचं झालं.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. देवाची इच्छा हे शब्द वापरून माणसाचं तोंड बंद केल्याचं मी पाहिलंय आणि ते पाप आहे असं मी मानतो. कोणी हिशेब विचारला म्हणून त्याची बदली होत असेल, मंडळीच्या पंचांमधल्या एका गटाला खूश करायला होत असेल, तर ते मान खाली घालून स्वीकारणं म्हणजे भरवसा नाही. तिथे लेखी विचारा, कारण विचारा, वरिष्ठ पाळकांना बरोबर घेऊन बिशपना भेटा. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, 11 वर्षं म्हणजे नेहमीच्या मानाने जास्तच झाली, म्हणून मी ही साधी बदली धरून चाललोय. तुम्हालाच माहीत. स्वतंत्र मंडळी असती, तुम्हीच स्थापन केलेली, तर माझं उत्तर बरंच वेगळं असतं, तिथे कोणी पत्र काढत नाही, तिथे स्वतःच वेळ ओळखावी लागते आणि ते अजून अवघड.

मुलीच्या दहावीबद्दल. हे किरकोळ समजू नका आणि प्रार्थनेने झाकूही नका. मी माझ्या मुलाच्या बारावीला काही बोललो नाही, तक्रार वाटेल म्हणून, आणि त्या वर्षी त्याला होस्टेलवर जे सोसावं लागलं ते मला नंतर कळलं. जायचं की नाही हा प्रश्न वेगळा, कधी आणि कसं जायचं हा वेगळा. दुसरा प्रश्न बिशपना विचारण्यात अविश्वास काही नाही. एप्रिल-मे मध्येच जायला मिळेल का विचारा म्हणजे तिला नवीन शाळेत सुरुवातीपासून बसता येईल, किंवा तिला वर्षभर मावशी-आत्याकडे ठेवता येतंय का बघा. मिसेस आणि मुलगी त्याच गावात भाड्याने राहतील हा मार्ग मात्र मी टाळेन, कारण मग दर रविवारी त्या तिथेच बसणार, लोक निरोप त्यांच्याकडे देणार आणि नवीन पाळकाला एक वर्ष पाय रोवता येणार नाही. आणि मुलीला अजून सांगितलं नसेल तर आज सांगा. पंचांच्या घरून तिला कळायला नको. पाळकाच्या पोरांना आपल्या घरातली गोष्ट बाहेरून कळते, हे दुःख त्यांच्या मनातून लवकर जात नाही.

आता हातातल्या कामाचं. हॉलचं बांधकाम तुमच्या नावावर अडकून राहील असं काही ठेवू नका. मिस्त्रीशी झालेला व्यवहार, सिमेंट-सळईची बिलं, कोणी किती कबूल केलंय आणि किती आलंय, हे एका फाईलमध्ये आणि पंचांच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवून मिनिट्समध्ये. बँकेच्या खात्यावर तुमची सही असेल तर ती बदलायला आत्ताच सुरुवात करा, बँका वेळ लावतात. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल आणि तुम्ही ट्रस्टी असाल तर बदल झाल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टी बदलल्याची नोंद, द्यावा लागतो, तो राहून गेला की पुढे वर्षानुवर्षं कटकट होते, मी दोन मंडळ्यांत हे बघितलंय.

अभ्यासवर्गाचं तुम्हाला जास्त लागलंय ते कळतं. त्यातली दोन मोठी मुलं किंवा एखादी शिकलेली ताई निवडा आणि आजपासून शिकवायचं त्यांच्या हाती द्या, तुम्ही मागे बसा. मार्च-एप्रिलमध्ये ते चुकतील तेव्हा तुम्ही तिथे असाल, जूनमध्ये नसाल. आणि हेही मनाशी धरा की नवीन पाळक कदाचित तो वर्ग बंद करतील. असं होतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले-न घेतलेले सगळे येशूचे म्हणून एकत्र येतील असं मोठं स्वप्न होतं. दोनच वर्षांत, 1919 च्या मे महिन्यात, ते प्रभूकडे गेले आणि दरबाराने त्यांच्या मनातलं रूप कधी घेतलंच नाही. पण तुमच्या चर्चमध्ये येत्या रविवारी बाजाची पेटी उघडली की त्यांचं एक तरी भजन होईलच. त्यांनी ज्यासाठी सगळं सोडलं ते मागे पडलं आणि जे ते रोजच्या रोज लिहीत गेले ते शंभर वर्षांनी तुमच्या आज्या पाठ म्हणतात. आपल्या कामातलं टिकणार काय हे आपल्याला ठरवता येत नाही. तुम्ही म्हणताय तो वर्ग बंद पडला तरी त्यातला एखादा पोरगा कुठे निघेल काय माहीत.

निघाल्यावरचा माझा नियम, तिसऱ्या बदलीपासून पाळला: एक वर्ष त्या गावात लग्न, बाप्तिस्मा, दफन काहीही करायचं नाही, नवीन पाळकाने स्वतः बोलावल्याशिवाय. फोन आला तर प्रेमाने बोलायचं, तब्येत विचारायची, प्रार्थना करायची, पण मंडळीच्या कामाचा विषय निघाला की एकच उत्तर, तुमच्या पाळकांशी बोला. तुमच्या पाळकांशी, हे शब्द पहिल्यांदा तोंडातून काढताना घसा दाटतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिन नवीन पाळकांना करा आणि सगळ्यांना सांगून ग्रुप सोडा, गुपचूप नको. कोणी म्हणेल पास्टर आम्हाला विसरले. म्हणू द्या, ते सहन करणं हाही सोपवण्याचाच भाग.

आणि नवीन ठिकाणी, लगेच तिथे आपलं आधीचं गाव उभं करायला जाऊ नका. पहिलं वर्ष फक्त घरोघर जा, ऐका. तिथेही कोणाचा तरी लाडका पाळक नुकताच गेलेला असेल. एज्रा 3 मध्ये नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते म्हातारे मोठ्याने रडले आणि बाकीचे आनंदाने ओरडले, आणि रडणं कुठलं नि ओरडणं कुठलं हे लोकांना ओळखू येईना. तुमच्या पहिल्या रविवारी तिथे असंच असणार, त्यांच्यातही आणि तुमच्या आतही.

जूनला अजून वेळ आहे. आज संध्याकाळी दुकानातून एक शंभर पानी वही आणा आणि नवीन पाळकांसाठी लिहायला घ्या. घर, माणसं, दुखणी, कोणाकडे कोणत्या दिवशी जावं लागतं, कोणाला ऐकू कमी येतं. जे गुपित आहे ते त्या माणसाला विचारूनच. रोज चार घरं लिहिली तरी होईल. सुरुवात त्यांच्यापासून करा ज्यांच्याकडे फोन नाही.